जात्यावरच्या ओव्यांचे डिजिटल दप्तर : सामूहिक स्मृती व नागरिकत्व ह्या दृष्टीने एक परीक्षण

१

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात आढळतो, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. ओवीची प्राचीनता सिद्ध करण्यासाठी ह्या उल्लेखाचा आधार आजवर पुष्कळांनी घेतला आहे. त्यातून निष्पन्न होणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र आपले सहसा लक्ष गेलेले नाही. ती गोष्ट अशी की, ही नोंद करणारा सोमेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा होता. नोंदीची भाषा ही गाणारणीची भाषा नव्हती. आणि आपल्या गाण्याची कोठे नोंद झाली आहे, ह्याची वार्ताही त्या गाणारणीस कधी लागण्याचा संभव नव्हता. गाणारी एकीकडे आणि नोंदणारा दुसरीकडे, हे जे अंतर तेथे दिसते, ते पुढील नऊशे वर्षांत कितपत कमी झाले, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासाच्या मुळाशी आहे.

गेल्या तीन-चार दशकांत ह्या प्रश्नास नवे वळण मिळाले आहे. ध्वनिमुद्रण, संगणक आणि इंटरनेट ह्या साधनांनी संकलनाचे स्वरूपच पालटून टाकले. जगभर निरनिराळे समाज आपल्या आठवणी, गाणी, छायाचित्रे व साक्षी डिजिटल साधनांच्या आश्रयाने जपू लागले आहेत, आणि त्या जपणुकीतून सार्वजनिक जीवनात आपला आवाज उमटावा, अशी अपेक्षाही धरू लागले आहेत. ह्या अपेक्षेची परीक्षा सर्वसाधारण विधानांनी होणार नाही. त्यासाठी एखादे विशिष्ट उदाहरण हाती घेऊन ते कसोटीस लावले पाहिजे. मराठी अभ्यासकाला असे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह पुण्यात सुरू झाला आणि आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजे 'पारी' ह्या संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांस खुला आहे, त्याचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

ह्या परीक्षणात जो निकष वापरावयाचा तो आरंभीच सांगितलेला बरा. संग्रहाची संख्या, त्याची तांत्रिक सफाई किंवा त्याला लाभलेली कीर्ती ह्यांवरून त्याचे मोल ठरवता येणार नाही. ज्यांची ती स्मृती, त्यांना त्या संग्रहात ओळखले जाण्याचा, चूक दाखविण्याचा आणि तो स्वतःच्या कामी लावण्याचा अधिकार किती आहे, ह्यावरच त्याचे मोल ठरेल. हा अधिकार नसेल तर संग्रह कितीही मोठा असो, तो केवळ कोठार होय. त्यास सामूहिक स्मृती म्हणता येणार नाही.

२

प्रथम संग्रहाचा इतिहास थोडक्यात पाहू. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइटवाँ ह्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी पुण्यात 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' ह्या संस्थेच्या द्वारे हे काम उभे केले. १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेले हे संकलन सुमारे वीस वर्षे चालले. ह्या अवधीत महाराष्ट्रातील अकराशेच्या आसपास गावांतून, तीन हजारांहून अधिक गायिकांकडून, एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. १९९० नंतरच्या दशकात संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल ह्या कामात सहभागी झाले. त्यांनी ओव्यांच्या संहितेचा व टिपणांचा डेटाबेस रचला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण त्यास जोडले. ही सामग्री प्रथम गुरगाव येथील लोकसंगीतविषयक अभिलेखागारात होती. पुढे ती फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथील वाणी व भाषाविषयक संग्रहात गेली. २००४ मध्ये पॉइटवाँ आणि २०१० मध्ये राईरकर निवर्तल्या. पी. साईनाथ ह्यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१४ मध्ये 'पारी'चा आरंभ झाला, आणि २०१७ पासून ह्या संस्थेने ओव्यांची संहिता, आवाज, भाषांतर व गायिकांचा परिचय क्रमाने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आकड्यांत नाही. हे संकलन वाङ्मयाच्या अभ्यासासाठी सुरू झालेले नव्हते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात गरीब शेतकरी, मजूर व दलित कुटुंबे ह्यांची 'गरीब डोंगरी संघटना' काम करीत होती, आणि राईरकर व पॉइटवाँ ह्यांचा तिच्याशी निकट संबंध होता. ज्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली धरणाखाली जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तोच हा प्रदेश. संघटनेच्या बैठकांतून स्त्रिया एकत्र येऊ लागल्या, तेव्हा स्वतःच्या स्थितीविषयी बोलण्यासाठी त्यांना भाषणाची भाषा परकी वाटे. ओवीची भाषा मात्र त्यांच्या जिभेवर होती. आधी स्त्रियांचे एकत्र येणे आणि त्यातून संग्रह, असा हा क्रम आहे. नागरिक म्हणून बोलू लागण्याचे एक साधन ह्या नात्याने ओवी येथे पुढे आली, आणि दप्तर नंतर तयार झाले. हा क्रम ध्यानात ठेवला नाही तर पुढील चर्चेतील पुष्कळ गोष्टी उलट्या दिसतील.

३

ह्या संग्रहाचे नावीन्य कशात आहे हे कळण्यासाठी त्यापूर्वीच्या मुद्रित संकलनांकडे पाहिले पाहिजे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', कमलाबाई देशपांडे ह्यांचे 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात् स्त्रीगीते' (१९४८), पुढे सरोजिनी बाबर ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने प्रसिद्ध केलेली माला, हे सर्व प्रयत्न मोठ्या तळमळीने झालेले आहेत, आणि त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून ह्या विषयात एक पाऊलही टाकता येत नाही. दुर्गा भागवत ह्यांनी १९५६ मध्ये 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहून ह्या सामग्रीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्यास आपल्याला शिकविले.

तथापि ह्या मुद्रित संकलनांत एक गोष्ट सामान्यतः दिसत नाही, ती म्हणजे गाणारणीचे नाव. ओवी छापली जाते ती 'मराठी स्त्री'ची म्हणून, 'खेड्यातील आई'ची म्हणून, किंवा अधिकात अधिक एखाद्या प्रदेशाची म्हणून. 'अपौरुषेय' हे कमलाबाईंचे विशेषण मोठे मार्मिक आहे. पुरुषाने न रचलेले, म्हणजे स्त्रीने रचलेले, असा त्यात श्लेष आहे. परंतु वेदांप्रमाणे ज्याचा कोणी कर्ता नाही ते, हा मूळ अर्थही त्या शब्दाला चिकटून राहतो. स्त्रियांच्या रचनेचा गौरव करतानाच एकेका स्त्रीचे कर्तृत्व ह्या शब्दाआड झाकले जाते. ह्यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. कर्त्याविना वाहत आलेली परंपरा हीच त्या काळी लोकसाहित्याची व्याख्या समजली जात होती.

डिजिटल संग्रहाने ह्या बाबतीत निश्चित पालट घडविला. येथे प्रत्येक ओवीला क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकाशी गाणारणीचे नाव, गाव, तालुका व जिल्हा जोडलेले आहेत. एका गायिकेने गायिलेल्या सर्व ओव्या एकत्र पाहता येतात, आणि मग ती गायिका परंपरेची केवळ वाहक न राहता निवड करणारी, जोडणारी व मोडणारी कवयित्री म्हणून आपल्यापुढे उभी राहते.

दुसरा लाभ पाठभेदांचा. छापील पुस्तकाची पाने मोजकी असतात. त्यामुळे संपादकाला दहा पाठांतून एक 'चांगला' पाठ निवडावा लागतो, आणि ही निवड बहुधा प्रमाण भाषेच्या कानाने होते. डेटाबेसला पानांची अशी टंचाई नाही. एकाच ओवीचे मावळातील रूप, बीडकडील रूप आणि कोकणाच्या सीमेवरील रूप ही तिन्ही शेजारी शेजारी राहू शकतात. 'इठ्ठल' हा 'विठ्ठल' शब्दाचा अपभ्रंश म्हणून दुरुस्त केला जात नाही; तो आपल्या जागी तसाच उभा असतो.

तिसरा लाभ आवाजाचा. कागदावर ओवी दोन ओळींत संपते. गाताना तीच ओवी अर्ध्या ओळीच्या पुनरावृत्तीने, 'ग बाई' सारख्या संबोधनाने, श्वासाच्या थांब्याने लांबते. एकीने धरलेली ओळ दुसरी उचलते. हा विस्तार अनावश्यक भरताड नव्हे. जात्याच्या फेऱ्याशी, हाताच्या श्रमाशी आणि समोर बसलेल्या जोडीदारणीशी असलेले ओवीचे नाते त्यातच आहे. हे नाते मुद्रणाने गमावले होते. ध्वनिमुद्रणाने ते अंशतः तरी परत आणले.

४

एवढे श्रेय दिल्यावर आता उण्या बाजूकडे वळू. डेटाबेसचा घटक नोंद हा असतो. ह्या संग्रहात नोंद म्हणजे दोन ओळींची एक ओवी. परंतु गाणारी स्त्री ओव्या सुट्या गात नाही. पहाटे जात्यात वैरण घालताना ती जात्याला देव मानून नमन करते, मग पंढरीकडे वळते, तेथून भावाकडे येते, भावाच्या आठवणीने माहेरात शिरते, आणि माहेरातून सासरच्या जाचाकडे येऊन पोहोचते. ह्या वळणांत तिचे मन दिसते. एका ओवीतून दुसरीकडे जाण्याचे कारण कधी यमक असते, कधी एखादे नाव, कधी समोर बसलेल्या शेजारणीचा प्रसंग. ही माळ सोडवून प्रत्येक मणी स्वतंत्र डबीत ठेवला की मणी सुरक्षित राहतात, पण माळ नाहीशी होते. मूळ ध्वनिमुद्रणात हा क्रम शिल्लक आहे, हे खरे. परंतु शोध घेणाऱ्याच्या हाती प्रथम येते ती विषयवार विभागलेली नोंद.

ह्याच्याशी निगडित असा दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. सीता, पंढरी, माहेर, बंधू, लेक, सासरवास, डॉ. आंबेडकर अशा विषयांखाली आणि त्यांच्या पोटविभागांखाली ओव्यांची मांडणी झाली आहे. एवढ्या मोठ्या सामग्रीस असे वर्गीकरण अपरिहार्यच होते, आणि ते फार परिश्रमाने केलेले आहे. तरीही विचारले पाहिजे की, सीतेच्या वनवासाची ओवी ही रामकथेच्या खणात ठेवावयाची की सासरवासाच्या? गाणाऱ्या स्त्रीच्या लेखी हे दोन विषयच नाहीत. घरातून घालवून दिलेली सीता आणि घरात राहूनही परकी ठरलेली सून ह्यांचे दुःख ती एका श्वासात गाते, आणि रामाला दोष देण्याचे जे धैर्य तिला सीतेच्या आडून लाभते, ते स्वतःच्या नावाने बोलताना कदाचित लाभले नसते. अभ्यासक ह्या ओवीला कोणत्याही खणात ठेवो, गाणारीने केलेली ही जोडणी त्या क्षणी तुटते. एकाच नोंदीस अनेक विषय जोडण्याची सोय संगणकात आहे. प्रश्न यंत्राच्या शक्तीचा नसून, हे विषय कोणी ठरवावयाचे ह्याचा आहे.

शोधाची गोष्टही अशीच. यंत्र अक्षराशी अक्षर ताडून पाहते. 'विठ्ठल' असा शोध घेणाऱ्यास 'इठ्ठल' सापडावयाचा नाही, जोपर्यंत कोणी ह्या दोन रूपांची सांगड घालून ठेवीत नाही. म्हणजे बोलीरूप जपल्याचा जो लाभ वर सांगितला, तो प्रमाण भाषेत शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने व्यर्थ जाण्याचा संभव आहे. ह्यावरचा उपाय तांत्रिक नव्हे, भाषाशास्त्रीय आहे, आणि तो मराठीच्या विभागांनीच करावयाचा आहे.

५

आता नागरिकत्वाच्या प्रश्नाकडे येऊ. 'सामूहिक स्मृती' आणि 'नागरी सहभाग' हे दोन शब्द आज एकत्र उच्चारले जातात, जणू पहिलीतून दुसरा आपोआप उत्पन्न होतो. ह्या संग्रहातील डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्या ह्या संदर्भात विशेष उद्बोधक आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेबांचा उल्लेख आप्ताच्या जिव्हाळ्याने येतो. जेथे पूर्वी भाऊ असे तेथे भीम येतो; जेथे माहेरची वाट असे तेथे दीक्षेची वाट येते; पोथीच्या जागी लेखणी येते. ओवीचा साचा जुनाच, परंतु त्यात बसलेला आशय हा हक्काचा, शिक्षणाचा, धर्मांतराचा आहे. १९५६ च्या धर्मांतराचा इतिहास आपण भाषणांतून व वृत्तपत्रांतून वाचतो. त्या घटनेचा अर्थ एखाद्या निरक्षर मजूर स्त्रीने स्वतःशी कसा लावला, ह्याचा पुरावा मात्र अशा ओव्यांतच मिळतो. ज्या ओवीला आपण पारंपरिक म्हणून भूतकाळात ढकलत होतो, ती वर्तमान राजकारणाविषयी मतप्रदर्शन करीत होती, हे ह्या संग्रहाने निर्विवाद दाखविले. मतपेटीत मत टाकणे हा जसा नागरिकत्वाचा एक आविष्कार, तसाच आपल्या पुढाऱ्याचे नाव घरच्या गाण्यात घेणे हाही एक आविष्कार होय.

परंतु ह्यातील सहभाग गायिकांचा होता. यंत्राने तो घडविला नाही. संग्रह गावातून पुण्यात, पुण्यातून गुरगावात आणि तेथून फ्रान्समध्ये गेला, तेव्हा त्याची जपणूक उत्तम झाली. पण ज्या बैठकींतून तो जन्मला त्यांच्यापासून तो तितकाच दुरावला. ज्या स्त्रीने मुळशीच्या एखाद्या वाडीत ओवी दिली, तिला ती परदेशातील संग्रहातून ऐकणे शक्य नव्हते. २०१७ नंतर 'पारी'च्या कार्यकर्त्यांनी पुन्हा गावोगावी जाऊन गायिकांच्या भेटी घेतल्या, त्यांची छायाचित्रे व चित्रफिती घेतल्या, त्यांच्या आयुष्याची हकीकत नोंदली. काही गायिका तोवर हयात नव्हत्या. हे परत जाणे मला संकलनाइतकेच मोलाचे वाटते. कारण त्यामुळे नोंदीतील नाव हे पुन्हा एका माणसाचे नाव झाले.

तथापि परत जाणे आणि परत देणे ह्यांत भेद आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीनुसार, ग्रामीण भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४.६ टक्के स्त्रियांनीच कधी काळी इंटरनेट वापरले होते. ग्रामीण पुरुषांत हे प्रमाण ४८.७ टक्के होते. पुढील वर्षांत हे आकडे वाढले असणार ह्यात शंका नाही. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. १९९० च्या सुमारास ज्या स्त्रिया संसारात मुरलेल्या होत्या, त्या आज पन्नाशीच्या कितीतरी पलीकडे गेल्या आहेत. म्हणजे ह्या पाहणीच्या वयोमर्यादेतच त्या बसत नाहीत. ज्यांच्या आवाजाने हा संग्रह उभा राहिला, त्या ह्या आकड्यांतही मोजल्या गेलेल्या नाहीत. अशा स्थितीत 'सर्वांस खुला' ह्या शब्दांचा अर्थ वास्तवात 'ज्यांच्यापाशी साधन, साक्षरता व सवड आहे त्यांस खुला' असाच उरतो.

६

येथे एक शंका उपस्थित होईल. खुलेपणा अपुरा आहे ही तक्रार एका बाजूने; पण खुलेपणा फाजील आहे, अशी तक्रार दुसऱ्या बाजूनेही करता येणार नाही काय? पहाटेच्या अंधारात, घरातील पुरुष निजलेले असताना, सासूचा जाच, नवऱ्याची बेपर्वाई, अपत्यहीनतेचे दुःख ही जात्याला सांगितली जात. जाते ऐकते आणि जाते कोणाला सांगत नाही, असा त्या सांगण्यामागे विश्वास असे. ध्वनिमुद्रण करू देताना गायिकेने आपल्या घरी आलेल्या ओळखीच्या माणसांवर विश्वास ठेवला. त्या वेळी ती जी संमती देत होती, तिच्यात अनोळखी जगाने केव्हाही, कोठूनही आपला आवाज ऐकावा, ह्या गोष्टीचा समावेश होता असे मानता येईल काय? इंटरनेटची कल्पनाच ज्या काळी गावात पोहोचली नव्हती, त्या काळच्या संमतीचा हा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे एक सुप्रसिद्ध उत्तर ऑस्ट्रेलियातून आले आहे. तेथील उत्तर प्रदेशातील टेनंट क्रीक ह्या ठिकाणच्या वारुमुंगू ह्या आदिवासी समाजाने, किंबर्ली क्रिस्टेन ह्या अमेरिकन संशोधिकेच्या सहकार्याने, २००७ मध्ये 'मुकुर्तू' नावाचा डिजिटल संग्रह उभा केला. मुकुर्तू म्हणजे मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवण्याची झोळी. ह्या संग्रहाची रचना त्या समाजाच्या रूढ संकेतांवर आधारलेली आहे : काही सामग्री केवळ स्त्रियांनी पाहावी, काही केवळ पुरुषांनी, काही विशिष्ट कुळाच्याच लोकांनी, मृत व्यक्तीचे चित्र समोर येण्यापूर्वी सूचना मिळावी. कोणी काय पाहावे हे संग्रहालयाने ठरवावयाचे नाही, समाजाने ठरवावयाचे, हे त्यामागील तत्त्व. पुढे ही प्रणाली इतर समाजांसही विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयी युनेस्कोने २००३ साली केलेल्या करारातही, जतनाच्या कामात संबंधित समाजाचा व्यापक सहभाग असावा, असे तत्त्व मान्य झाले आहे, आणि भारताने त्या करारास मान्यता दिलेली आहे.

मुकुर्तूचे तत्त्व आदरणीय आहे. पण ते जसेच्या तसे उचलून आपल्याकडे आणता येईल, असे मला वाटत नाही. कारण 'समाज' म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्याकडे फार अवघड आहे. महाराष्ट्रातील गाव हा एकजिनसी समाज नाही. त्यात जाती आहेत, भाऊबंदकी आहे, सासू आहे आणि सून आहे. सुनेने सासूविरुद्ध गायिलेली ओवी खुली ठेवावी की नाही, हे 'समाजा'ने ठरवावयाचे म्हटले तर ते कोण ठरवील? दलित वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांबाबत गावाच्या नावाने निर्णय कोणी घ्यावा? वारुमुंगूंच्या बाबतीत समाजाचा अधिकार हा बाहेरच्या सत्तेपासून संरक्षण देतो. आपल्या गावात तोच अधिकार दुबळ्याच्या तोंडावर हात ठेवण्यास उपयोगी पडण्याचा धोका आहे. किंबहुना डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्यांस जे बळ आहे ते त्या गावकुसाच्या बाहेर, सर्व जगापुढे ऐकू येतात ह्यातच आहे.

म्हणून आपल्याकडे हा अधिकार समाजाच्या नावे न देता गायिकेच्या नावे दिला पाहिजे, असा माझा अभिप्राय आहे. १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात गायक, वादक, नट इत्यादी प्रयोग सादर करणारांचे हक्क मान्य झाले आहेत. त्यामागील तत्त्व असे की, परंपरेचे गीत कोणाचेही असो, ते ज्या कंठातून निघाले त्या कंठाचा काही अधिकार असतो. ह्या तत्त्वास अनुसरून, हयात असलेल्या गायिकेस आपली कोणती ओवी खुली राहावी, कोणती झाकावी, आपले नाव द्यावे की न द्यावे, हे सांगण्याची सोय असली पाहिजे. आणि ही सोय तिने संगणकापाशी येऊन मागावयाची नसून संग्रहाने तिच्या दाराशी न्यावयाची आहे. येथे संग्रहाच्या पहिल्या गुणाशीच एक विरोध उत्पन्न होतो, हे मी नाकारीत नाही. नाव देणे हा जर न्याय असेल, तर कित्येक प्रसंगी नाव न देणे हाही न्यायच ठरेल. ह्या दोहोंतून निवड करण्याचा हक्क ज्या स्त्रीचा आहे, तो तिला न विचारता अभ्यासकाने वापरू नये, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

७

शेवटी एका गैरसमजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. ओवी लोपत चालली, आणि डिजिटल साधनांनी ती वाचविली, असे उद्गार आपण वारंवार ऐकतो. ओवी मागे पडली ती स्मरणशक्ती क्षीण झाली म्हणून नव्हे. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले, आणि गाण्याचे निमित्तच उरले नाही. आज ती प्रामुख्याने लग्नातील हळदीसारख्या प्रसंगी ऐकू येते. गिरणी आल्याबद्दल ज्या स्त्रीच्या तळहाताला खुंट्याचे घट्टे पडले होते, तिने कधी खेद केला असेल असे वाटत नाही. खेद करतो तो बहुधा ज्याने कधी दळले नाही असा रसिक. ओवीच्या आठवणीने हळवे होताना त्या श्रमाची आठवण पुसली जाऊ नये, एवढे पथ्य अभ्यासकाने पाळले पाहिजे. संग्रह ओवीला पुन्हा जिवंत करू शकत नाही, आणि तसा दावा त्याने करूही नये. ज्या स्त्रियांना इतरत्र कोठेही बोलण्यास जागा नव्हती, त्या काय बोलल्या, ह्याची साक्ष तो जपू शकतो. आणि साक्षीला अर्थ येतो तो ती ऐकून कोणी काही केले तर.

ह्या दृष्टीने विद्यापीठीय विभागांस करण्याजोगे काम पुष्कळ आहे. ध्वनिमुद्रणांवरून ओव्यांचा मूळ क्रम पुन्हा जुळविणे. बोलीरूपे व प्रमाण रूपे ह्यांची परस्परसूची सिद्ध करणे. जिल्हावार निवडक ध्वनिमुद्रणे घेऊन त्या त्या गावी श्रवणाच्या बैठका भरविणे आणि त्या बैठकांत ऐकणाऱ्या स्त्रियांनी सुचविलेले अर्थ, दुरुस्त्या व आक्षेप मूळ नोंदीशेजारी त्यांच्या नावाने, अर्थात त्यांच्या संमतीने, लिहून ठेवणे. ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. त्यांस मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. एखादा फोन, एखादा ध्वनिक्षेपक आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरे. अशा रीतीने ज्या दिवशी एखादी वृद्ध गायिका आपल्याच ओवीखाली अभ्यासकाने दिलेला अर्थ चुकीचा आहे असे सांगेल, आणि तिचे म्हणणे त्या नोंदीत दाखल होईल, त्या दिवशी सोमेश्वराच्या काळापासून चालत आलेले गाणारी व नोंदणारा ह्यांतील अंतर काही अंशी तरी कमी झाले, असे म्हणता येईल.

प्रस्तुत संग्रह हा मराठीतील लोकवाङ्मयाच्या जपणुकीचा एक थोर प्रयत्न आहे, ह्याविषयी दुमत होऊ नये. त्याच्या उणिवा येथे दाखविल्या त्या त्याचे मोल कमी करण्यासाठी नव्हेत. डोंगरातील गरीब स्त्रियांच्या बैठकीतून जो संग्रह उगवला, तो पुन्हा त्या बैठकीपर्यंत पोहोचावा, एवढीच ह्या परीक्षणामागील इच्छा आहे. ह्या दिशेने अन्य अभ्यासकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी अजून जाते आहे आणि आजीला ओव्या येतात अशा विद्यार्थ्यांनी, आपले अनुभव व मतभेद अवश्य मांडावेत.